मनकर्णाबाईची चार वावरं

गांधीबागेतल्या कापडाच्या एका ठोक दुकानात मी बावीस वर्षं गाठींवर गावांची नावं घातली. काम सोपं होतं. कापडाची गाठ तरटात बांधून, दाभणानं शिवून तयार झाली की तिच्यावर काळ्या शाईनं मोठ्या अक्षरांत व्यापाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. उमरेड, काटोल, तुमसर, आरमोरी, मौदा. आमच्या घरात आजोबा, वडील, दोघे थोरले भाऊ, सगळे सरकारी कचेरीत लेखणी चालवणारे. मी इंटरला दोनदा आपटलो आणि ब्रश चालवायला लागलो. महालातल्या नातेवाइकांत माझा विषय निघाला की कुणीतरी लगेच चहाचं विचारायचं. अक्षर मात्र सगळ्या खानदानात माझंच चांगलं होतं. ते तरटावर गेलं, याचं वडिलांना मरेपर्यंत वाईट वाटलं.

माझ्यापुढे गाठ यायची ती मनकर्णाबाईच्या हातून. ती गाठी शिवायची. बासष्ट साली मी दुकानात लागलो तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास असेल. काळी, काटक, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा रुपराव मिलमध्ये. पाचपावलीहून पायी यायची, मागच्या पडवीत पाय पसरून बसायची आणि दाभण, सुतळी घेऊन दिवसाला दहा-बारा गाठी शिवायची. तिची शिवण मुंगीलाही वाट देत नसे. ट्रकवाले गाठी आपटत, फेकत, पण तिची गाठ कधी फुटून परत आली नाही.

एकच खोड होती तिला. मी ब्रश खाली ठेवला की ती मान वर करून विचारायची, "हे कोण्या गावचं हाय जी, बाबू?"

दर गाठीला. दिवसाला दहा-बारा वेळा. मी सांगायचो, देवळी. मग पुढचा प्रश्न यायचा. "तिथं घोडमोडी हाय काय?"

मला वाटायचं, बाई जरा सरकलेली आहे. पहिलं वर्षभर मी नुसतं "नाही" म्हणून वेळ मारून नेली. मला काय माहीत देवळीत काय आहे. मी नागपूरच्या बाहेर रामटेकशिवाय काही पाहिलं नव्हतं. एकदा उन्हाळ्यात डोकं तापलेलं होतं, मी खेकसलो, "तुम्हाला काय करायचं आहे हो घोडमोडीचं? सोयरीक जुळवायची आहे तिथं?"

तिनं सुतळीला गाठ मारली, दातानं तोडली, आणि म्हणाली, "माह्यं माहेर हाय तिथं. कुठं हाय ते नाही माहीत."

मग तिनं सांगितलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत, म्हणजे एकोणीसशे अठरा साली, तिचे आईबाप आठ दिवसांच्या अंतरानं गेले. ती पाच वर्षांची होती. थोरला भाऊ होता नऊ-दहा वर्षांचा, त्याला काकानं ठेवून घेतलं. हिला बापाच्या बहिणीनं, आत्यानं, नागपूरला आणलं. आत्या मिलमध्ये कामाला लागली आणि त्याच हिवाळ्यात तीही गेली. शेजारच्या बिऱ्हाडानं पोर वाढवली, वयात आल्यावर लग्न लावून दिलं. गावाचं नाव आत्याबरोबर गेलं. पाच वर्षांचं पोर गावाला गावच म्हणतं, त्याला दुसरं नाव कशाला लागतं. शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की आत्या भंडाऱ्याच्या रस्त्यानं आली होती.

"पण वावरांची नावं हायत ध्यानात," ती म्हणाली. "माय भाकर घेऊन जाये त मी संग जाऊ. घरून निघाले का पहिलं घोडमोडी, मंग लमाणाचा तळ, मंग सासूचं वावर, आन् आखरीले चिंध्यादेव. रोज म्हणत असते मनात. भुलाले नको."

पंचेचाळीस वर्षं ती बाई रोज मनात चार शेतांची नावं म्हणत होती. मला माझी शरम वाटली. त्याच दिवशी मी शाईच्या डब्यामागची जुनी वही काढली आणि म्हटलं, बाई, आठवतं ते सगळं सांगा, मी लिहून घेतो. दुकानात विदर्भातले दोनशे गावांचे व्यापारी येतात. एकेकाला विचारू.

तिनं चार वावरं सांगितली, शिवाय आखर, आंबराई, पांढरी असंही बरंच सांगितलं. मी सगळं सुवाच्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी हिंगण्याच्या एका व्यापाऱ्याला गाठून विचारलं, "तुमच्या गावात आखर आहे का?" तो म्हणाला, आहे. मला वाटलं, सापडलं. मग सावनेरच्या माणसाकडेही आखर निघाला, कुहीच्याकडेही. चौथ्यानं मला समजावून सांगितलं की सकाळी गुरं जिथं गोळा होतात त्याला आखर म्हणतात, आणि आखर नसलेलं गाव त्यानं अजून पाहिलं नाही. पुढं वर्षभर तो माणूस दुकानात आला की मला विचारायचा, "काय बाबू, सापडला काय आखर?" मनकर्णाबाईही हसायची. तिला हसताना मी बहुतेक तेवढंच पाहिलं.

आखर, आंबराई, पांढरी, सगळं मी खोडून टाकलं. वहीत चार नावं राहिली.

तिला माहेर कशासाठी हवं होतं, हे मला अडुसष्ट साली कळलं. तिच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. त्यांच्यात रीत अशी की बाई गेली की तिच्या अंगावर पहिलं लुगडं माहेरचं पडतं. सासरचं नंतर. म्हातारीचा भाऊ काटोलकडून लुगडं घेऊन यायचा होता. सकाळी गेलेली बाई दिवस मावळेपर्यंत अंगणात ठेवली, भाऊ येईपर्यंत कुणी उचललं नाही. मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि हे सगळं सांगत सुतळी ओवायला बसली. मग म्हणाली, "लोक थांबले जी तिच्यासाठी. माह्या वक्ताले कोणाची वाट पाहतीन?"

आमचे शेटजी गादीवरून ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "बाई, दुकान भरलंय लुगड्यांनी. तुमचं मी देईन. माहेरचं म्हणून देईन, मग तर झालं?"

ती शिवता शिवता थांबली. "शेटजी, दान घेते मी. दिवाळीले तुमी देता ते लुगडं घेतेच ना. पण माहेर नाही घेत दानात. नाही भेटलं त नाही. खोटं नको."

शेटजींनी मान हलवली आणि विषय संपला. मी तिथंच उभा होतो, हातात ब्रश. मी हे ऐकलं होतं. मुद्दाम सांगतो, मी ऐकलं होतं.

पुढची पाच वर्षं नुसती गेली. घोडमोडी कुणालाच माहीत नव्हती. चिंध्यादेव दोन-तीन ठिकाणी निघाले, कारण रस्त्यातल्या झाडाला येणाऱ्याजाणाऱ्यानं अंगावरच्या कापडाची चिंधी बांधायची ही चाल पुष्कळ गावांत आहे, पण बाकीची तीन नावं तिथं नव्हती. मग त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर चंपतराव आला. हा मौद्याचा किरकोळ दुकानदार. आसपासचे आठवडी बाजारही करायचा. दुकानाची पायरी चढता चढता त्यानं मला हाक मारली. "किस्नाबाबू, तुमची घोडमोडी भेटली."

झालं होतं असं. बाजाराच्या दिवशी एक गडी उशिरा आला. उशीर काहून झाला, असं चंपतरावनं विचारलं. तो म्हणाला, बैलबंडी घोडमोडीत फसली होती. चंपतरावनं त्याला बसवून घेतलं आणि एकेक विचारलं. पुढं लमाणाचा तळ लागतो काय? लागतो. त्याच्या पुढं सासूचं वावर? हो. आणि चिंध्यादेव? तो गडी घाबरला. त्याला वाटलं हा माणूस जादूटोणा करतो की काय.

"गाव कोणतं?" मी विचारलं.

"पळसखेडी. पण रिठी हाय."

रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. नकाशात त्याला हद्द असते, कागदावर नाव असतं, माणूस एकही नसतो. मानमोडीत पळसखेडीची अर्धी वस्ती मेली आणि उरलेली भिऊन शेजारच्या सडकेवरच्या गावात राहायला गेली. म्हणून कुणा व्यापाऱ्याला ते गाव माहीत नव्हतं. तिथं कापड घ्यायला कुणी उरलं नव्हतं. वावरं तेवढी राहिली, आणि वावरांबरोबर नावं. शेजारच्या त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात.

"आणि वावरं कोणाची आहेत आता?"

"चारही शालिकरामची. म्हातारा हाय. साठीच्या वरचा. मायबाप मानमोडीत मेले, काकानं वाढवला." चंपतराव पडवीकडं पाहत हळू आवाजात म्हणाला. "भाऊच हाय जी हा."

मनकर्णाबाईनं ते ऐकलं. तिनं दाभण गाठीत तसंच खुपसून ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी तिनं पुढं एकही गाठ शिवली नाही. शेटजींनीही तिला हटकलं नाही.

आम्ही गेलो ते पौषात, चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत. मौद्यापर्यंत एसटी, पुढं चंपतरावनं बंडी जुंपून घेतली होती. मनकर्णाबाईनं दिवाळीचं कोरं लुगडं नेसलं होतं आणि भावासाठी चिवड्याची पुडी घेतली होती. मी माझी वही घेतली होती. पुरावा म्हणून. शहाणा ना मी.

पळसखेडीच्या हद्दीवर ती बंडीतून उतरली. म्हणाली, मी पायी येते. आणि पुढं चालायला लागली. आम्ही मागून.

"आता डाव्या अंगाले उतार लागन," ती म्हणाली. उतार लागला. खाली हरभऱ्याचं शेत होतं. "हे घोडमोडी." मग नाल्याच्या काठाची सपाट जागा, "इथं लमाणाचा तळ." तूर उभी होती तिथं. सासूच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बिब्याचं झाड होतं. त्याला हात लावून ती म्हणाली, "हे एवढंसं होतं." शेवटी हिवराचं एक वेडंवाकडं झाड आलं. खालपासून वरपर्यंत चिंध्या. काही पावसानं पांढऱ्या पडलेल्या, काही नव्या. ती झाडाखाली उभी राहिली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. पदराचा काठ दातात धरून तिनं वीतभर फाडला, कोऱ्या लुगड्याचा, आणि फांदीला बांधला. चंपतरावनं आपला दुपट्टा डोळ्यांना लावला. मला तर सरळ रडूच आलं.

तिथपर्यंत सगळं नीट होतं. बिघडवलं मी.

शालिकरामचं घर शेजारच्या त्या सडकेवरच्या गावाच्या कडेला होतं. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या बाजूला खाटेवर म्हातारा बसला होता. नाक, कपाळ, हनुवटी हुबेहूब मनकर्णाबाईची. ओळख पटवायला दुसरं काही लागतच नव्हतं. चंपतरावनं रामराम केला, ही बाई नागपूरची, अशी सुरुवात केली. तेवढ्यात मी, आपलं ऐकावं म्हणून, पिशवीतून वही काढली आणि मोठ्यानं वाचलं. "घोडमोडी, लमाणाचा तळ, सासूचं वावर, चिंध्यादेव. ही चारही वावरं तुमचीच ना?"

मी पांढरा लेंगा-शर्ट घातला होता. खिशाला पेन होतं. शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून वहीतून वावरांची नावं वाचणारा माणूस कोण असतो, हे कुठल्याही गावातल्या पोरानं सांगितलं असतं. तलाठी, नाहीतर कोर्टाचा माणूस. मला ते सुचलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं बंद झाला.

"कोण सांगतलं तुमाले?" त्यानं मला विचारलं.

मनकर्णाबाई पुढं झाली. "दादा, मी सांगतली. तू मले खांद्यावर बसवून आखरावर नेत होता."

"माह्ये मायबाप मानमोडीत गेले," तो माझ्याकडंच पाहत म्हणाला. "बहीण होती, तेही गेली."

"मेली नाही गा. आत्याबाईसंग नागपूरले गेली."

तो मिरच्यांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "बहिणीले हिस्सा भेटते म्हणते आता. सरकारनं कायदा केला."

तेव्हा तिला कळलं. मला तिच्याही नंतर कळलं. तिनं चिवड्याची पुडी खाटेच्या पायाशी ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मले वावर नको, दादा. कागद आण. अंगठा देते, हक्क सोडला म्हणून. मले एक लुगडं पाहिजे फक्त. तेही आता नको. मी मेल्यावर."

म्हाताऱ्यानं एकदा पुडीकडं पाहिलं. पण गावातल्या दुसऱ्या एका भांडणात तहसिलीतल्या कुणा अर्जनवीसानं सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बहिणीचा अंगठा घेतला की ती बहीण आहे हे आपणच कबूल केलं. तो उठून उभा राहिला. "बहीणच नाही, त अंगठा कायचा?"

त्याच्या बायकोनं दारातून पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. मनकर्णाबाई पाणी प्याली. गूळ तिनं पदरात बांधला. आम्ही परत निघालो. बंडीत ती एकदाच बोलली. "त्याचे पाय बाबासारखे झाले हायत," ती म्हणाली.

पुष्कळ वर्षांनी दुकानात आलेल्या एका वकील गिऱ्हाइकाला मी हे सहज विचारलं. तो म्हणाला, बाप अठरा साली मेला असेल तर नव्या कायद्यानं मुलीला काहीच मिळत नाही, तो कायदा पुढच्यांसाठी आहे. म्हणजे तिच्याकडं सोडायलाही हक्क नव्हता, आणि त्याला भ्यायलाही कारण नव्हतं. एक साधं कार्ड टाकून मी हे चौऱ्याहत्तर सालीच कुणालाही विचारू शकलो असतो. पण तेव्हा मी रागात होतो. शालिकरामवर, आणि खरं म्हणजे वहीवर. ती मी घरी येऊन चुलीत घातली.

त्यानंतर मनकर्णाबाईनं गाठीवरचं गाव कधी विचारलं नाही. गाठ शिवायची, सुतळी तोडायची, पुढं ढकलायची. मला ते सहन होईना. मीच कधी कधी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचो, वरोरा, पवनी, मौदा. ती हूं म्हणायची. एकदा मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "तुमच्यामुळं वावरं दिसली, बाबू. बाकीचं त्याच्या मनावर." तिनं मला माफ केलं होतं की सोडून दिलं होतं, ते मला ठरवता आलं नाही.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात ती गेली. आजारी-बिजारी नव्हती. आदल्या दिवशी नऊ गाठी शिवून गेली होती. पहाटे रुपराव माझ्या घरी आला. मी तसाच दुकानात गेलो. आठ वाजता मौद्याचा ट्रक निघणार होता, त्याच्या ड्रायव्हरजवळ चंपतरावच्या नावानं चिठ्ठी दिली. बाई गेली, शालिकरामला कळवा, येतो म्हणाला तर थांबू.

मग पाचपावलीला गेलो. अंगणात तिला ठेवलं होतं. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला ऊन असं झालं की पायाखालची जमीन पोळायला लागली. बायका पाण्यात भिजवलेलं पोतं वर धरून उभ्या होत्या. रुपरावच्या सोबतचे मिलमधले लोक, त्यांना दुपारपाळी होती. कुणीतरी विचारलं, कोणाची वाट पाहायची आहे? रुपरावनं माझ्याकडं पाहिलं. त्याला माहेराची गोष्ट अर्धवट ठाऊक होती. त्याची बायको पंचफुला म्हणाली, "माहेरचं लुगडं येनार हाय म्हनते बाबू."

बारा वाजले. मी त्या वेळी काय विचार करत होतो ते अगदी नीट आठवतं. मी म्हणत होतो, तो येणार नाही. जिवंतपणी अंगठा घेतला नाही त्यानं, मेल्यावर लुगडं काय आणणार. मला खात्रीच होती. रागावलेल्या माणसाला खात्री फार लवकर होते. आणि इकडं लोक चुळबुळ करत होते, ही बाई बिनमाहेराची म्हणून जाणार हे सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागलं होतं, आणि ते मला बघवेना.

एक वाजता मी सायकल काढली, दुकानात गेलो, आमच्याच मांडणीवरचं एक नऊवार काढलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि परत आलो. गल्लीच्या तोंडाशी सायकल लावून पायी आत गेलो, जणू कुणी मोटार स्टँडवर आणून दिलं. म्हटलं, "आलं. मौद्याकडून आलं माहेरचं."

सगळ्यांना हायसं झालं. पंचफुलानं ते लुगडं उलगडलं, चांगलं आहे म्हणाली, आणि तिच्या अंगावर घातलं. गंगाबाई घाटावर तीन वाजता सगळं आटोपलं. मला त्या दिवशी, देवाशपथ, थोडं समाधानसुद्धा वाटलं होतं.

सहाच्या सुमाराला आम्ही रुपरावच्या दारात बसलो होतो. गल्लीतून चंपतराव येताना दिसला. त्याच्यामागं शालिकराम, हातात कापडी पिशवी, पाय धुळीनं भरलेले. चिठ्ठी चंपतरावला दहाला मिळाली होती. सायकलवर तो त्या गावी गेला, म्हातारा ऐकताच घरात गेला, ट्रंक उघडली आणि पिशवी घेऊन बाहेर आला. दुपारची एसटी आली नाही. दोघं सडकेवर उन्हात अडीच तास उभे होते. पुढं विटांच्या ट्रकवर बसून आले.

म्हाताऱ्यानं अंगणात नुसतं पाहिलं. सारवलेलं होतं, दिवा लावला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला. पंचफुलानं पाणी दिलं आणि त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "मामाजी, सगळं नीट झालं. माहेरचं लुगडं पडलं त्यांच्या अंगावर."

तो तिच्याकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं वळला. "कोण आलं होतं माहेरून?"

मी त्याच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

"तिले माह्याबिगर कोण होतं?" तो म्हणाला. "माहेर म्हणजे मीच ना. दुसरं कोण आलं?"

"कुणी नाही आलं," मी म्हटलं. "मीच आणलं. आमच्या दुकानातलं. तुम्ही येणार नाही असं वाटलं."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. पिशवीवर हात फिरवत हळूच म्हणाला, "मी येऊन राहिलो होतो ना."

पिशवीतून त्यानं लुगडं काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मोरपंखी रंगाचं, रुईफुलाच्या काठाचं. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. कापडात माझं आयुष्य गेलं. त्या काठाचा माल आमच्याकडं एकाच वर्षी आला होता, चौऱ्याहत्तर साली, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत संपला होता. पुन्हा आला नाही. चंपतरावच्या गाठीत त्यातले सहा नग होते. गाठ मी लिहिली होती आणि शिवली मनकर्णाबाईनं.

"हे कधी घेतलं तुम्ही?" मी विचारलं.

"तुमी येऊन गेले ना. त्याच्या पुढच्या होळीच्या बाजारात."

"मग पाच वर्षं दिलं का नाही?"

त्यानं लुगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाला, "भेव लागे. आज-उद्या करत राहिलो. चिंध्यादेवाजवळून जाये त तिची चिंधी दिसे. अजून हाय."

रात्री उशिरापर्यंत लोक येऊन जाऊन होते, म्हातारा भिंतीपासून हलला नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं तो गेला. लुगडं नेलं नाही. पंचफुला ते घरात घेईना. मेलेल्या बाईसाठी आणलेलं कापड जिवंत बाई नेसत नाही. टाकून द्यायला कुणाचा हात होईना. शेवटी मी ते पिशवीसकट घरी आणलं. बायकोनं कपाटात ठेवू दिलं नाही, म्हणून माळ्यावर ठेवलं.

माहेर मी दानात घेत नाही, असं तिनं माझ्यासमोर सांगितलं होतं. ते दान अंगावर घेऊनच तिला जावं लागलं. तिचं खरं लुगडं माझ्या माळ्यावर आहे.